फेस पुसलेली नदी

ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका रोज खिडकीतून दिसणारी नदी टॅबलेटवर रंगवायचे आणि चित्रकारांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकायचे. काकू गेल्यापासून त्यांचं बोलणंचालणं काय ते तिथलंच.

एकदा त्यांनी कारखान्याच्या सांडपाण्याने पाण्यावर साचलेला फेससुद्धा जसाच्या तसा रंगवला. तासाभरात ते चित्र ग्रुपवरून हटवलं गेलं.

"काका, इथे फक्त सुंदर निसर्ग चालतो. तेवढा फेस पुसा, लगेच घेते," ग्रुप चालवणाऱ्या मुलीने कळवलं.

काकांनी फेस पुसला. पाणी निळंशार झालं, पण बघून त्यांना कसंतरीच वाटलं.

"अगं, ही आमची नदीच नाही," एवढं लिहून ते ग्रुपमधून बाहेर पडले.

सकाळी सवयीने ते टॅबलेट घेऊन बसले. 'आज काय रंगवलंत?' असं विचारणारं आता कुणीच नव्हतं.