गळ्यातल्या रेघा

मित्रांनो, मी एका जुन्या वल्ह्याचा तुकडा आहे. वल्ह्यानं पाण्यात असावं. पण मला दोरी बांधून एका पोरीच्या गळ्यात अडकवलं. आता बोला!

रेवसच्या खाडीत तुळशीराम कोळ्याच्या होडीवर मी उमेदीची वर्षं काढली. "ह्यो हातात आला की पानी आपसूक वाट देतं," असं तो चारचौघांत सांगायचा. मग होडीला इंजिन बसलं आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर झालो.

यंदा तुळशीरामची नात मनाली शाळेच्या नाटकात निवडली गेली. नाटक आयर्लंडमधलं, इंग्रजांच्या अमलातलं. शाळेत मुलांच्या गळ्यात लाकूड अडकवायचे. घरची भाषा तोंडून निघाली की लाकडावर खाच, आणि संध्याकाळी जितक्या खाचा तितक्या छड्या. त्या लाकडाचं काम मला मिळालं. तुळशीरामनंच मला मापात कापून दिलं. शिक्षा झालेली मुलगी मनाली, आणि मिश्या चिकटवलेला गोरा साहेब तिच्याच वर्गातला एक मुलगा.

ती जीव ओतून काम करायची, पण "नाही"च्या जागी "न्हाय" यायचं. नाटक बसवणाऱ्या श्यामलाबाई मनानं चांगल्या; मात्र अलिबागच्या स्पर्धेत उच्चारांचे गुण जातील, या धास्तीनं त्यांना चैन नव्हतं. एकदा त्यांनी गमतीनं माझ्यावर खडूची रेघ ओढली. मुलं हसली. मग प्रत्येक "न्हाय"ला रेघ पडू लागली. "असंच चाललं तर तुझं काम वर्गातल्या क्षिप्राला द्यावं लागेल हं!" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मनाली एकेक शब्द चाचपून बोलू लागली. मी तिच्या छातीवर. आतली धडधड मलाच कळायची. दोर सुटलेल्या होडीसारखं नुसतं हेलकावणं.

शेवटच्या तालमीला तिची आजी नीराबाई मासळीची रिकामी पाटी घेऊन येऊन बसली. तालीम संपल्यावर तिनं मला हातात घेऊन निरखलं.

"या रेघा कोनी मारल्या गो? त्या गोऱ्या सायबानं?"

"न्हाय," मनाली म्हणाली. "बाईंनी."

"मंग सायबाचं काम बाईंनाच द्याचं व्हतं! उगा त्या पोराला मिश्या चिकटवल्या."

कोणी हसेना. श्यामलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदरानं मला पुसायला घेतलं. खडू माझ्या भेगांत शिरलेला, सगळा निघेना.

"मनाली, घरी बोलतेस तसंच उद्या बोल. गुण गेले तर गेले."

दुसऱ्या दिवशी रंगमंचावर साहेबानं विचारलं, "तुझी भाषा सोडशील?"

"न्हाय."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मनाली थांबली. मला वाटलं, संपलं! पण तिनं मला मुठीत घट्ट धरलं आणि हसू आलं त्या दिशेला बघत म्हणाली, "सोडनार न्हाय."

मग कोणी हसलं नाही.

आता मी शाळेच्या कपाटात आहे. "पुढच्या वर्षी लागेल," म्हणून मला जपून ठेवलंय, आणि त्या पुढच्या वर्षाच्या विचारानं मला स्वस्थता नाही. मित्रांनो, मला जपू नका. खुराड्याला लावा, हवं तर चुलीत घाला. पण गमतीतसुद्धा कोणाच्या घरच्या बोलीची रेघ माझ्यावर ओढू नका. आधीचा खडू अजून गेलेला नाही.