चौदावा रकाना

अंजनाबाईंनी टेबलावर स्टूल ठेवलं, पदर खोचला आणि वर चढून भिंतीवरच्या होल्डरमध्ये पिशवीतला साठचा बल्ब बसवला.

"दाबा, गुरुजी."

उमेंद्र बिसेन गुरुजींनी बटण खाली केलं. काहीच झालं नाही.

"वर करा. आता पुन्हा खाली."

"कितीक बार करू जी बाई? करंटच नाही तं पेटन कसा?"

गुरुजींचं म्हणणं खरं होतं. बेहडीटोल्याच्या शाळेत तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून वायरिंग झालं होतं. छताला पंखा होता, चार बटणं होती, मीटरसाठी भिंतीवर लाकडी फळीसुद्धा ठोकलेली होती. फक्त वीज नव्हती. टोल्यातली, म्हणजे त्या लहानशा वस्तीतली, लाइन हातपंपापर्यंत येऊन थांबलेली आणि तिथून शाळेपर्यंत तीन खांब कमी. ठेकेदाराचं काम वायरिंगचं, खांबांचं नाही. त्याने वायरिंग केलं, फोटो काढला आणि तो निघून गेला. कागदोपत्री ही शाळा तेव्हापासून उजेडात होती.

म्हणून तर अंजना मेश्राम पिशवीत बल्ब घेऊन हिंडत. केंद्रप्रमुख म्हणून त्यांच्याकडे अकरा शाळा होत्या. २०११ च्या दिवाळीनंतर जिल्ह्याहून हुकूम आला, की प्रत्येक केंद्राने आपल्या शाळांचा पाच वर्षांचा तंत्रज्ञान आराखडा द्यावा, संगणक कुठे आधी आणि कुठे नंतर ते ठरवावं. सोबत चौदा रकान्यांचा एक तक्ता. बाकीच्या केंद्रप्रमुखांनी तो घरी बसून, कपातला चहा निवायच्या आत भरून टाकला. अंजनाबाई मात्र स्कूटीवर अकराही गावं फिरल्या. कुठली खोली गळते ते भिंतीवरच्या ओघळांवरून पाहिलं, दारांच्या कड्या लावून पाहिल्या, शिक्षकांना आयुष्यात कधी माऊस हातात धरलाय का ते तोंडावर विचारलं. पोरांनी त्यांचं नाव बल्बवाली बाई ठेवलं होतं. बाईंना ते मनातून आवडायचं.

खाली उतरून त्यांनी तक्ता मांडीवर घेतला. बेहडीटोला, पट एकोणीस, शिक्षक एक. चौदाव्या रकान्याशी पेन आल्यावर गुरुजी हळूच जवळ सरकले. रकान्यावर छापलं होतं, 'संगणकासाठी योग्य की अयोग्य'.

"योग्य लिहून टाका ना जी. वायरिंग तं आहेच. मी गोंदियाले जाऊन संगणकाची परीक्षा पास करून आलो. ह्या पोट्ट्यांले एक बार दाखवून द्या लागते मले. खांब येतीन मागून."

"आणि संगणक आधी आला तर चालवणार कशावर? सावित्रीबाईंच्या चुलीवर?"

दारात तांदूळ निवडत बसलेल्या सावित्रीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शाळेची खिचडी त्या शिजवत, आणि शाळेतल्या प्रत्येक बोलण्यात एक कान त्यांचा असे.

"ऐका गुरुजी," अंजनाबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली मला या खात्यात. आपल्याकडे जे नाही, ते नाही म्हणून ठळक लिहायचं असतं. ज्याने बाकं नाहीत म्हणून लिहिलं, त्याच्याकडे बाकं आली. ज्याने लाजेखातर आहेत लिहिलं, त्याची पोरं अजून फरशीवर बसतात. खातं जे नाही तेच पुरवतं. मी तुम्हाला अयोग्य लिहिते आणि शेऱ्यात लिहिते, वीजजोडणी प्रथम प्राधान्य, क्रमांक एक. बघा तुमचा पहिला नंबर लागतो की नाही."

गुरुजींनी त्या न पेटलेल्या बल्बकडे एकदा पाहिलं.

"तुमी म्हणता तं तसं," ते म्हणाले.

अकरापैकी चार शाळांपुढे बाईंनी अयोग्य लिहिलं आणि गरजेप्रमाणे त्यांना क्रम दिला. खोटं लिहायची त्यांना भीती वाटत होती असं नाही. खरं लिहिण्यातच फायदा आहे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

गोंदियाच्या सभागृहात आराखडे गोळा झाले त्या दिवशी शेजारच्या केंद्राचे यादोराव त्यांच्या तक्त्यात डोकावले आणि खो-खो हसले.

"काय बाई, नुस्तं नाही, नाही, नाही! दुकान बंद करता का? माझं पाहा."

यादोरावांच्या तक्त्यात सगळं होतं. त्यांच्या दोन शाळांना धड भिंती नव्हत्या, पण सुरक्षित खोली होती, वीज होती, प्रशिक्षित शिक्षक होता. अंजनाबाईंना मनात हसू आलं. बसा म्हणावं आता पाच वर्षं हात चोळत.

हात चोळायची पाळी कोणावर आली, ते पुढच्याच वर्षी दिसलं. यादोरावांच्या सगळ्या शाळांत संगणक आले, नारळ फुटले, फोटो निघाले आणि खोकी कुलपात गेली. अंजनाबाईंच्या सात शाळांनाही मिळाले. चार अयोग्य शाळांच्या वाट्याला ना संगणक आला, ना खांब. बाईंनी दरवर्षी दोन स्मरणपत्रं पाठवली. प्रत्येकाची पोच मिळाली. पोच देण्यात खातं कधी कमी पडलं नाही.

बिसेन गुरुजींनी मात्र वाट पाहणं सोडून दिलं होतं. त्यांनी शाळेच्या ओट्यावर चुन्याने हातभर रुंद चौकोनांचा कळफलक काढला. मधल्या सुट्टीत पोरी लंगडी घालत एकेका अक्षरावर उडी मारून स्वतःचं नाव टाइप करायच्या. पावसाने चुना गेला की गुरुजी पुन्हा काढायचे. अंजनाबाई भेटीला आल्या की ओट्याला वळसा घालून आत जायच्या. त्या अक्षरांवर पाय ठेवणं त्यांच्याने होत नसे.

पाच वर्षं अशीच गेली. मग फेब्रुवारीत ते पत्र आलं.

'कमी पटाच्या व तंत्रज्ञानास अयोग्य शाळांचे नजीकच्या शाळेत समायोजन.' खाली यादी. समायोजन म्हणजे शाळा बंद, हे समजायला बाईंना शब्दकोश लागला नाही. यादीत त्यांच्या केंद्रातल्या चार शाळा होत्या. चारही त्याच, आणि त्याच क्रमाने. क्रमांक एक, बेहडीटोला. पट तेरा. कारण, रकाना चौदा पाहावा. शाळांना कळवून, सामान ताब्यात घेऊन अहवाल देण्याची जबाबदारी संबंधित केंद्रप्रमुखांची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या गोंदियाला जिल्हा कार्यालयात गेल्या. टेबलावरचा लिपिक टिकाराम त्यांना पाहून उठून उभाच राहिला.

"आइए मॅडम! आपका फॉर्म तो पूरे जिले में एक नंबर निकला. एक भी चीज दुबारा नहीं पूछनी पड़ी."

शिक्षणाधिकारी साहेब तरुण होते, सहा महिन्यांपूर्वीच बदलून आलेले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला, हातातली फाइल बाजूला ठेवली.

"साहेब, हे मी यासाठी लिहिलं नव्हतं."

"कशासाठी लिहिलं, असा रकाना तक्त्यात नाहीये मॅडम." साहेब हसले नाहीत, खरंच अडचण सांगावी तसं म्हणाले. "उलट तुमचा एकट्यांचा आराखडा विश्वास ठेवण्यासारखा आहे. बाकीच्यांचे कसे भरलेत, ते तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर विचारते. यादोरावांच्या दोन शाळांत आठ-आठ पोरं आहेत. त्या कशा नाहीत यादीत?"

"त्या डिजिटल आहेत."

"संगणक खोक्यात आहेत, साहेब. खोकीसुद्धा फोडली नाहीत."

"पण आहेत ना?"

 चहा आला. बाईंनी तो घेतला नाही.

"नवी शाळा अडीच किलोमीटर आहे. मध्ये नाला. मोहफुलं पडायला लागली की त्या वाटेवर अस्वल येतं. सहा-सात वर्षांच्या पोरी आहेत त्या."

"वाहतूक भत्ता मंजूर आहे."

"भत्त्यावर बसून नाला ओलांडता येतो का?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि समजा, आता तिथे वीज आली तर?"

"माहिती गोठवलीय मॅडम. आता जे काय ते पुढच्या आराखड्यात."

परतीच्या बसमध्ये अंजनाबाईंना राग आला तो साहेबांचा नव्हे, स्वतःचा. त्यांना स्वतःला पाटी मिळाली ती अशाच एका टोल्यात. बाप बिड्या वळायचा. घरातून हाक मारली तर शाळेत ऐकू जायची, एवढ्या अंतरावर शाळा होती, म्हणून पोरगी शाळेत गेली. नाला ओलांडून जायचं असतं तर बापाने तिला तेंदूपानांच्या गठ्ठ्याशी बसवलं असतं, आणि त्यात त्याचा काही दोषही नसता. एवढं सगळं माहीत असून त्यांनी रकाना भरला होता. गुरुजी सांगत होते, योग्य लिहा. एक शब्द खोटा लिहिला असता तर तेरा लेकरांची शाळा वाचली असती. यादोरावांना एवढी अक्कल होती आणि आपल्याला नव्हती, हा विचार उतरायचा थांबा येईपर्यंत त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या सामान ताब्यात घ्यायला बेहडीटोल्याला निघाल्या. हातपंपाजवळ स्कूटी आपोआप हळू झाली. हातपंपापासून शाळेपर्यंत तीन नवे खांब उभे होते. वर तारही ओढलेली होती. पण दिसण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी अंजनाबाई नव्हत्या. बिनकरंटाचे खांब त्यांनी चिक्कार पाहिले होते.

 शाळेत गुरुजींनी सामान ओळीने मांडून ठेवलं होतं. दोन काळे फळे, घंटा, बसायचा लाकडी तक्तपोस, नकाशांची गुंडाळी, तेरा दाखले. सावित्रीबाईंनी खिचडीची पातेली राखेने घासून इतकी लखलखीत केली होती, की जणू आजच खरेदी झाली. बाई एकेका वस्तूपुढे खूण करत गेल्या. फॉर्मवरची शेवटची ओळ होती, वीजजोडणी.

त्यांनी टेबलावर स्टूल ठेवलं. पिशवीतून बल्ब काढला, वर चढल्या, होल्डरमध्ये बसवला. या खेपेला दाबा म्हणावं लागलं नाही. गुरुजींनी आपणहून बटण खाली केलं.

बल्ब पेटला.

दारात घोळका करून उभ्या असलेल्या पोरींनी एकदम टाळ्या पिटल्या. अंजनाबाई होल्डरला हात लावून तशाच उभ्या राहिल्या.

"बुधवारी आले जी," गुरुजी म्हणाले. "तिन्ही खांब अन् मीटर एकाच दिवशी लावले. म्या विचारलं, आताच काऊन? तं लाइनमननं कागद दाखवला. तुमच्याच आराखड्याची झेरॉक्स होती. प्रथम प्राधान्य, क्रमांक एक."

सावित्रीबाई पदराला हात पुसत आत आल्या. वर बल्बकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"करंट आला ना जी बाई. मंग आता शाळा राहीन ना?"

अंजनाबाई खाली उतरल्या. फॉर्म उचलला. वीजजोडणीपुढे त्यांनी 'आहे' लिहिलं. बेहडीटोल्याच्या नावापुढे हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच लिहिला होता. सही करून त्यांनी कागद गुरुजींपुढे सरकवला. सावित्रीबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

गुरुजींनी सही केली, पेनाला टोपण लावलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुमी म्हणाल्या होत्या ना बाई, पहिला नंबर लागन. लागला जी. दोनीकडं लागला."

बाई बल्ब काढायला पुन्हा स्टुलावर चढल्या आणि बोटं भाजून त्यांनी हात मागे घेतला. गुरुजींनी बटण वर केलं. पोरी केव्हाच ओट्यावर पळाल्या होत्या आणि चुन्याच्या चौकोनांतून एका पायावर उड्या मारत होत्या. काच निवेपर्यंत बाई तिथेच, स्टुलावर उभ्या राहिल्या.