वाकलेला ॲक्सल

केशवापुरात हणमंतअण्णांच्या आवारात एक जुना ट्रेलर विकायला होता. मोटारीमागे जोडायचा, आत दोघांपुरता बिछाना, शेगडी आणि खिडकी. भावाचं बोलणं व्हायच्या आधीच माझ्या बायकोने, मालतीने, त्याच्या चाकांपुढे लिंबं ठेवली.

“अक्का, अजून विकला नाही मी,” अण्णा हसले.

“आज ना उद्या विकणारच,” म्हणत ती आत चढली. गोकर्णाला समुद्रापाशी मुक्काम करायचा, हे तिचं केव्हापासूनचं मागणं.

मी जॅक लावून चाकं फिरवली. ब्रेक धरत होते. टायरांची नक्षी शाबूत होती, पण एकाची आतली कड गुळगुळीत झिजली होती. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल वाकलेला. माझंच चुकत असेल म्हणून पुन्हा हात फिरवला. कड तशीच लागली.

“असला ॲक्सल आता मिळत नाही, सर,” अण्णा हळूच म्हणाले. “सपाट रस्त्याला चालेल.”

पण गोकर्णाला घाट उतरावा लागतो.

“अहो, खिडकी समुद्राकडे करायची बरं का,” आतून मालती म्हणाली.

बाहेरून मला सांगवेना. आत जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि मग सांगितलं. ती उठली नाही.

“थोडं बसू या,” म्हणाली.

खिडकीतून अण्णांच्या आवाराची भिंत दिसत होती. आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो.