राजाची फ्रेंच खुर्ची

उस्ता वहदान दुम्यात शहरातला सुतार. आमच्या गल्लीत रंधा न धरलेला माणूस म्हणजे एक तर न्हावी, नाहीतर इमाम. पण वहदानचा हात वेगळाच, म्हणून तो 'उस्ता', म्हणजे उस्ताद. चाळीस वर्षं मी त्याच्या खुर्च्यांना पॉलिश केलं, म्हणून सांगतो.

गेल्या वसंतात एका लग्नासाठी आम्ही कैरोला गेलो. लग्न आटोपल्यावर त्याची बायको इन्शिराह म्हणाली, "जन्मभर लोकांची घरं सजवलीत. एकदा राजाचं घर तरी दाखवा."

राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. तिसऱ्या दालनात लाल दोरीपलीकडे एक सोनेरी खुर्ची होती. पाटीवर लिहिलं होतं, 'महाराजांची आवडती खुर्ची. पॅरिसहून आलेली भेट.' उस्ता थबकला. खाली वाकून त्यानं खुर्चीचे पाय न्याहाळले.

"ही मी केलीय," तो म्हणाला.

"हळू बोला," इन्शिराह म्हणाली. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत. टीव्हीच्या मालिकेसाठी बारा केल्या होत्या. शूटिंग इथंच झालं. परत आल्या अकरा."

खुर्चीच्या डाव्या हातावरचा पॉलिशचा ओघळ मलाही ओळखीचा वाटला. मी छताकडे पाहू लागलो.

पहारेकऱ्यानं संचालकांना बोलावलं. डॉक्टर मदहत यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "उस्ता, आठवड्याला एक जण तरी येऊन सांगतो की तो राजाचा नातू आहे. सुतार पहिल्यांदाच आला."

"सांधे बघा की, डॉक्टर."

"सांधे बघूनच सांगतो. एवढं नाजूक काम दुम्यातच्या माणसाला जमणं शक्य नाही. माझा प्रबंध याच खुर्चीवर आहे."

हा अपमान समजावा की कौतुक, हे उस्ताला कळेना. इन्शिराहनं त्याची बाही ओढली. "तुमचं काम फ्रेंच दिसतंय म्हणे. आणखी काय हवं? चला."

पण तो हटला नाही. "खुर्ची उलटी करा. बैठकीखाली मी पेन्सिलीनं नाव लिहिलंय."

समितीशिवाय खुर्ची उलटी करता येत नव्हती. समिती जमायला तीन आठवडे लागले. आम्ही पुन्हा गेलो, जाताना मशब्बक मिठाईचा डबा नेला. गोड खाल्लेला माणूस खोटं कमी बोलतो, असं इन्शिराहचं मत. पांढरे हातमोजे घातलेल्या तीन प्राध्यापकांनी डबा संपवला आणि खुर्ची उलटी केली. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इन्शिराह'.

"ही माझी बायको," उस्ता म्हणाला. "तेव्हा आमचं नवीनच लग्न झालं होतं."

प्राध्यापकांनी इन्शिराहकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी सर्वांत म्हातारे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे राजाच्या आयुष्यात एक इन्शिराह होती."

"अहो, ही काय समोर उभी आहे."

"उस्ता, या नावाच्या बायका देशात थोड्या आहेत का?"

"पण पेन्सिल सुताराची आहे."

"राजाला पेन्सिल परवडत नव्हती, असं तुमचं म्हणणं?"

पुढच्या महिन्यात नवी पाटी लागली. महाराजांनी आपल्या गुप्त प्रेयसीचं नाव स्वहस्ते लिहून ठेवलं होतं. नाव दिसावं म्हणून खुर्चीखाली आरसा ठेवला. वर्तमानपत्रांत फोटो आले, दारात रांगा लागल्या. डॉक्टर मदहत यांना बढती मिळाली.

इन्शिराह आधी खूप संतापली. "माझं नाव परपुरुषाच्या खुर्चीला!" मग गल्लीतल्या बायका चहाला येऊ लागल्या. कोणी विचारायची, "खरं सांग ना गं, राजा कसा होता?" इन्शिराह ओढणी सारखी करून म्हणायची, "झाल्या गोष्टी." राजा गेला तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो, हे ती कुणाला सांगत नसे.

उस्ता तक्रारअर्ज लिहायला बसला, तेव्हा तिनंच कागद काढून घेतला.

"राहू द्या आता. तुम्ही कधी चार लोकांत माझं नाव लावलंत?"

"लावलंच होतं की. खुर्चीला."

"खालच्या बाजूनं."

उस्तानं पेन्सिल कानामागे खोचली.

दुम्यातमध्ये दुकानोदुकानी 'इन्शिराह खुर्ची' विकायला आली. महिनाभर उस्तानं त्या खुर्चीचं नाव काढू दिलं नाही. मग त्यानंही सहा केल्या, जुन्याच मापानं. मन्सूऱ्याहून मुलीच्या रुखवतासाठी एक गृहस्थ आले. मोबाइलमधला फोटो खुर्चीशेजारी धरून त्यांनी तिला चारी बाजूंनी पाहिलं.

"काम चांगलंय, उस्ता. पण मूळ खुर्चीची पाठ काही साधली नाही."

उस्तानं पाठीवरून हात फिरवला. "खरंय," तो म्हणाला. "तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो."

गृहस्थांना वाटलं, म्हातारा चळला. ते समोरच्या दुकानात गेले आणि तिथून चार घेऊन गेले.

त्या दिवशी उस्तानं दुपारीच दुकान बंद केलं. आम्ही दोघं नदीवर गळ टाकून बसलो. मासा काही लागला नाही. इन्शिराहलाही यायचं होतं, पण घरी टीव्हीवाले आले होते.