बीबीजानची इर्जिक

बीबीजानने पाट्यावरचं वाटण पातेल्यात ढकललं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. एकही बैलजोडी दिसत नव्हती.

तिच्या शेजारणीने, गोजराबाईने, काल घोटावड्यात घरोघर सांगितलं होतं, "उद्या बीबीजानकडं इर्जिक हाय." सगळ्यांनी आपापली औतं आणून एकाचं रान दिवसात नांगरायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. नवरा मोहिद्दीन वारल्यापासून बीबीजानचं रान पडून होतं. हॉटेलं अन् बंगल्यांच्या प्रकल्पाचा साहेब चावडीत बजावून गेला होता, की पडीक तेवढं घेणार, कसलेलं सोडणार. आज दुपारी तो पाहणीला येणार होता.

"निम्म्या गावाला हाटेलातल्या नोकऱ्या पायजेत," बीबीजान म्हणाली. "माज्यासाठी कोण वाईटपणा घील?"

"खुळी हायस का? तू मटणाचं बघ," गोजराबाई चुलीत लाकूड सारत म्हणाली.

आणि घुंगरं वाजली. भैरू आला, कोंडाजी आला, हॉटेल व्हावं म्हणून चावडीत भांडलेला जयसिंगसुद्धा आला.

"हाटेल व्हऊ द्या की," तो जू सारखं करत म्हणाला. "पर मोहिद्दीनच्या रानात न्हाई."

मग काय विचारता! रान औतांनी भरून गेलं. हाळ्या, शिव्या, थट्टा यांना नुसता ऊत आला. दुपारी जीप आली तेव्हा बांधापासून बांधापर्यंत काळी ढेकळं उताणी पडली होती.

"हे पडीक होतं ना?" साहेबाने विचारलं.

"कुटं?" गोजराबाई म्हणाली. "जपून हां साहेब, बुटाला माती लागंल."

साहेबाने हातातला नकाशा गुंडाळला. जीप वळली तशी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी आरोळी ठोकली. बीबीजान पदर तोंडाला लावून हसत होती अन् रडतही होती.

पंगत बसली. फक्त हैबतरावांचं औत अजून चालूच होतं. त्यांनी गेल्या साली आपलं सगळं रान प्रकल्पाला विकलं होतं. बैल तेवढे राहिले होते.

बीबीजान त्यांना बोलवायला गेली.

"भावजी, जेवायला चला. झालं की समदं."

"येतो वैनी. येवढा कोपरा ऱ्हायलाय."

कोपरा मघाशीच नांगरून झाला होता.

"नांगरा," ती म्हणाली. "मी ताट झाकून ठिवते."