पहाटेचा पाव्हणा

"मग काय ठरवलंत?" डॉक्टरबाईंनी फाईल मिटत विचारलं. "तीनदा झालं. सुलेखाताईंचे रिपोर्ट चांगले आहेत. मी म्हणेन, या वेळी वीर्यदाता बदलून बघू. अर्थात खात्री त्यातही नाही. हवं तर त्याच दात्याचं पुन्हा घेता येईल. घरी बोला आणि आठवडाभरात कळवा."

सुलेखाने नवऱ्याकडे पाहिलं. टेबलाच्या काचेत छताचा पंखा उलटा फिरत होता. गोकुळ तो बघत बसला होता.

"कळवतो," तो म्हणाला.

गोकुळ महापालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. उजाडायच्या आत खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून तो बेगमपुऱ्याच्या गल्ल्यांतून निघायचा. ज्या गल्लीची पाळी असेल तिथलं झाकण उचलायचं, चावी फिरवायची, आणि पाणी जमिनीखालून धावू लागलं की त्याचा आवाज ऐकत क्षणभर थांबायचं. बाराव्या वर्षी त्याला गालगुंडं झाली होती. तो आजार आत उतरला होता आणि त्याच्यापासून मूल होणार नाही, हे कळायला लग्नानंतर सहा वर्षं लागली. गावी, देवगाव रंगारीला, त्याची आई दगडाबाई अजून सुनेलाच बोल लावायची. सुलेखाने खरं कारण कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

मग दवाखान्यातून दात्याचा तो कागद आला होता. उंची पाच फूट सात. ओ पॉझिटिव्ह. रंग गव्हाळ. पदवीधर. नाव नाही, गाव नाही.

त्या 'पदवीधर'वर दहावी शिकलेला गोकुळ पहिल्यांदा महिनाभर जळत राहिला. पण हिवाळा सुरू झाला. हिमायतबागेकडून धुकं उतरायचं, मकबऱ्याचा घुमट त्यात दुधात ठेवल्यासारखा दिसायचा, आणि अशाच एका पहाटे त्याला वाटलं, शेजारून कुणीतरी चालतंय. पाच फूट सात. हात खिशात. गोकुळने मनातल्या मनात त्याला हाक मारली, "या पाव्हणं."

तेव्हापासून पाव्हणा रोज यायचा. फार बोलायचा नाही. गोकुळच त्याला सांगायचा, हे झाकण जड हाये, इथं जपून. या घरचं म्हातारं पाणी आलं का म्हणून तीनदा इचारतंय. एकदा नळाला पाणी चढत नव्हतं म्हणून दारात आलेली गल्लीतली यास्मिनखाला ओरडली, "गोकुळभाई, किससे बातां कर रहे?" गोकुळ लाजून हसला. पहिला प्रयत्न फसला तेव्हा पाव्हणा खाली मान घालून चालला. तिसऱ्याच्या वेळी गोकुळच त्याला म्हणाला, "तुमचा काय दोष."

आणि आता त्यालाच नको म्हणायचं होतं.

चार दिवस गेले. संध्याकाळी गच्चीवर सुलेखा मेथी निवडत होती. खाली गल्लीत दिवे लागत होते.

"अवो, काय इचार केला?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं बदलावं. पण तुमाला कायतरी खुपतंय. एकदा बाहीर तरी काढा."

गोकुळने सगळं सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले. ही हसणार, नाहीतर रडणार, असं त्याला वाटलं. सुलेखाने हातातली जुडी बाजूला ठेवली.

"कसा हाये दिसायला?" तिने विचारलं.

"तोंड नाय दिसत नीट. धुकं असतं. पण चालणं शांत हाये. कुनाचं वाईट चिंतणारा नाय."

तिने मांडीवरची पानं झटकली. मग म्हणाली, "माझ्या सपनात तो कधीच नाय आला. मला पोर दिसतं. दरवेळी तुमचंच नाक असतं त्याला."

"माझं नाक कुठनं येणार?"

"सपनाला कुठं रिपोर्ट लागतो?"

दोघंही हसली. हसता हसता सुलेखाचे डोळे भरले. "तीनदा उंबऱ्यापर्यंत आला बिचारा," ती म्हणाली. "त्याला तरी किती दिस ताटकळत ठेवायचं? आन् मलाबी आता थकल्यासारखं व्हतं. जाऊ द्या त्याला."

गोकुळने मेथीची जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागला.

दवाखान्यात प्रेरणा सिस्टरने फॉर्म पुढे केला. "त्या दात्याच्या दोन कुप्या बँकेत शिल्लक आहेत. एका दात्याचं एकाच जोडप्याला, असा कायदा आहे. तुम्हाला नको तर दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. नष्ट करतील. दोघांच्या सह्या लागतील."

सुलेखाने सही केली. गोकुळ पेन धरून थांबला.

"सिस्टर, त्याला कळवतेत का?"

"कुणाला?"

"ज्याचं हाये त्याला. म्हंजे... आमी त्याला नावं ठेवली नाय, एवढं."

सिस्टर काहीतरी पटकन बोलणार होती, पण थांबली. "आम्हालाही माहीत नसतं हो तो कोण," ती हळूच म्हणाली.

गोकुळने सही केली. नेहमीपेक्षा सावकाश, पूर्ण नाव लिहून.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. झाकण त्याने एकट्याने उचललं. पाणी सुटलं, आवाज लांब गेला. तो थोडा जास्त वेळ उभा राहिला, एवढंच.

पुढच्या महिन्यात चौथी वेळ होती. सिस्टर नवा कागद घेऊन आली. "उंची पाच फूट—"

"वाचू नका," गोकुळ म्हणाला. "मानूस हाये ना? बास."

सुलेखाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि ती आत गेली.

थोड्या वेळाने त्याला आत बोलावलं. तिला आता वीस मिनिटं पडून राहायचं होतं. खाट अरुंद होती. सुलेखा उताणी पडली होती, पाय गार. गोकुळने चादर ओढून दिली. ती काही बोलायला गेली आणि बोलता बोलताच तिचा डोळा लागला.

सिस्टर दारात आली. "झाली वीस मिनिटं. उठवा आता."

"निजू द्या जरा," गोकुळ कुजबुजला. "लई दिसांनी झोप लागलीय."

सिस्टरने घड्याळ पाहिलं, आणि दार हलकेच लोटून घेतलं.

खिडकीला पडदा नव्हता. दुपारचं ऊन सरकत उशीवर आलं, मग तिच्या पापण्यांवर. गोकुळ स्टुलावरून उठला आणि खिडकीकडे पाठ करून, ऊन अडवत उभा राहिला.