बंब चालू

"हाथ ऊपर!"

हरिहर खांबेट्यांनी हात वर केले. उजव्या हातात पान्हा होता, तोही वर गेला. समोरच्या तिन्ही पोलिसांनी बंदुका पान्ह्याकडे वळवल्या.

"माताजी, आप भी!"

"अहो, यांना सांगा," विनीताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही, पण हात वरच जात नाहीत."

जानेवारीचं धुकं, सकाळचे साडेसात, निशातगंजचा पूल. पुलाखाली एक पांढरी मोटारव्हॅन उभी होती. तिच्या छपरातून पत्र्याची चिमणी निघालेली होती आणि खिडकीतून एक जाड वायर शेजारच्या चहाच्या टपरीत गेली होती. पुलाजवळच्या मंडईतली माणसं दूर, दोरीपलीकडे उभी राहून आपला जीव वाचल्याचा आनंद घेत होती.

हरिहरराव इथे उत्तरेत, जानकीपुरमच्या औषध संशोधन संस्थेत उपकरणं दुरुस्त करत. निवृत्त झाले त्याच वर्षी संस्थेने एक जुनी व्हॅन मोडीत काढली, ती त्यांनी घेतली. कारण विनीताबाईंची बोटं. त्यांना संधिवात होता. थंडीत सकाळी मूठ आखडायची ती गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवल्याशिवाय उघडायची नाही. मिरजेला त्यांची थोरली बहीण नयनाताई. तिच्याकडे जायचं तर दीड दिवसाचा प्रवास, आणि प्रवासात गरम पाणी कुठून आणायचं? तेव्हा हरिहररावांनी ठरवलं, चालतं घरच करायचं. त्याला सात वर्षं लागली.

आधी फक्त विजेवर तापणारा बंब केला. मग लक्षात आलं, वाटेत वीज नसेल. म्हणून गॅस. मग गॅसचा धूर आत कोंडला तर माणूस झोपेतच जाईल, म्हणून चिमणी. मग पाणी नसताना कॉइल चालू झाली तर जळेल, म्हणून लाल दिवा. खोलीसाठी वेगळा हीटर, तोही दोन्हीवर. "वीज असली की वीज, नसली की गॅस," ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत. "आणि गॅसही संपला तर?" असं मुलीने, अंतराने, विचारलं, तेव्हा त्यांनी निघायचं आणखी दीड वर्ष पुढे ढकललं.

या मधल्या काळात नयनाताई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग वार. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, "विनीता? कोण विनीता?" मग स्वतःच हसल्या, "अगं, चेष्टा केली!" विनीताबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "या सोमवारी. नाहीतर कधीच नाही."

तो हा सोमवार. घरापासून जवळच, निशातगंजला पहिला मुक्काम, पहिली चाचणी. टपरीवाल्याकडून वीज घेतली, बंब लावला आणि विनीताबाईंनी मिरजेला भाचीला फोन केला. त्या जन्मभर फोनवर मोठ्यानेच बोलत आल्या होत्या. "संपदा, बंब लावलाय गं! हो, वीस मिनिटांत! मग इथून निघतोच आम्ही!"

शेजारचा मटारवाला गाडी तशीच टाकून थेट पोलीस चौकीकडे पळाला.

"क्या है अंदर?" इन्स्पेक्टर पृथ्वीराज सिंहांनी विचारलं.

"बंब है."

इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरले. एवढ्या सहजपणे कबूल करणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा.

"बम नहीं साहब, बंब! पानी का बंब!"

"पानी का बम?" आणखी दोन पावलं.

"अरे, सीधी चीज़ है. हमारे यहाँ पहले हर घर में होता था."

"हर घर में! लिखो," इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाले. "आपके यहाँ मतलब कहाँ?"

"सांगली ज़िला."

हवालदाराने जिल्हा लिहून घेतला आणि दबकत व्हॅनच्या दारातून आत डोकावला. आत तांब्याचं पिंप, त्यात शिरलेल्या वायरी, खाली सिलिंडर, वर पेटलेला लाल दिवा आणि हरिहररावांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी. हवालदार अडखळत वाचू लागला, "बंब चालू... वीस मिनिटे थांबा... साहब! चालू है!"

यानंतर दोरी आणखी लांब नेण्यात आली.

बॉम्बशोधक पथक आलं. जाड पोशाखातला एक माणूस हळूहळू व्हॅनकडे गेला. हरिहरराव दोरीपलीकडून ओरडत होते, "पहले बिजली निकालो! फिर गैस का वॉल्व! चिमनी को मत दबाना!" त्या माणसाने सगळ्या सूचना तंतोतंत पाळल्या. सात वर्षांत त्यांचं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. मग पिंप बाहेर काढलं गेलं, वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवलं गेलं आणि पाण्याच्या जबरदस्त झोताने फोडलं गेलं.

धुरळा बसला. पिंपातून पाणी वाहत रस्त्यावर आलं. त्यातून वाफ निघत होती.

"पानी है," जाड पोशाखातला माणूस म्हणाला.

हरिहररावांचा हात अजून वर होता. पान्हा कोणी खाली घ्यायला सांगितलंच नव्हतं.

टपरीवाल्याचं लक्ष विनीताबाईंच्या हातांकडे गेलं. "अम्मा, ठंड लग गई?"

"नहीं भैया. मेरी उँगलियाँ... गरम पानी चाहिए. उसी के लिए तो ये सब."

"बस?" तो म्हणाला. भट्टीवरचं पातेलं उचलून त्याने बादलीत ओतलं, थंड पाणी घातलं, कोपर बुडवून पाहिलं आणि बादली त्यांच्यापुढे ठेवली. विनीताबाई बाकावर बसल्या, हात आत घातले. इन्स्पेक्टर, हवालदार, पथक, सगळे बघत राहिले. हळूहळू एकेक बोट उघडलं.

"भैया," त्यांनी विचारलं, "स्टेशनों पर भी चायवाले होते हैं ना?"

"हर दस कदम पर, अम्मा."

"और माँगो तो दे देते हैं?"

"पानी को कौन मना करता है?"

विनीताबाई नवऱ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. सात वर्षं झाकून ठेवलेल्या भांड्यावरचं झाकण काढावं आणि आत काहीच नसावं, तसं बघत होत्या. वीज, गॅस, दोन्ही नसले तर काय, या सगळ्याचा हरिहररावांनी विचार केला होता. कोणाकडे मागून बघावं, हे राहून गेलं होतं.

"मला चारबाग स्टेशनवर सोडा," त्या म्हणाल्या.

ओशाळलेल्या इन्स्पेक्टरने जीपमधून नेलं आणि मुंबईच्या गाडीत खिडकीजवळची जागाही मिळवून दिली. हरिहररावांना जाता आलं नाही. पंचनामा व्हायचा होता.

बुधवारी दुपारी त्यांनी मिरजेला फोन लावला. नयनाताईंनीच उचलला.

"कोण? हरिहरराव!" आवाज खणखणीत. "अहो, आमच्या विनीला कधी पाठवताय?"

"ताई... ती आलीये ना तिकडे?"

"इथे? छे. इथे एक म्हातारी बाई आलीये कालपासून. स्वभावाने चांगली आहे हो. पण विनीला पाठवा. परकर-पोलक्यावर थंडी वाजेल, स्वेटर घालून पाठवा."

फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"मी बोलतेय," विनीताबाई म्हणाल्या.

"विनीता, अगं, मी..."

"जेवलात का?"

"हो."

"बरं. ठेवते आता. ताईची वेणी घालतेय. त्याला दोन्ही हात लागतात."